साताऱ्याला राहायला जायचंय: गावात पेठेत घर बघावं की हायवेच्या बाजूला?

पायवाट

नमस्कार. थोडं मोठं लिहिणार आहे, सवडीने वाचा. आम्ही पुणं सोडून साताऱ्याला राहायला जायचं म्हणतोय आणि अगदी ठरता ठरता अडलोय.

साताऱ्याशी आमचं नातं काही नाही. माझं माहेर लातूरचं, सासर पुण्यातलं. मुलगी शिकायला बाहेर गेली, ह्यांचं काम घरूनच चालतं, मी नोकरी सोडली. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. वय ७६, काठी लागते, पण चालतात. कासची फुलं बघायला दोनदा गेलो होतो, तेव्हा सातारा गाडीच्या काचेतून पाहिला तेवढाच. समर्थ मंदिरावरून गाडी तशीच यवतेश्वरचा घाट चढली आणि परत येताना अंधार पडलेला.

या जानेवारीत घरं बघायला म्हणून गेलो. एजंटने दोन दिवसांत सहा फ्लॅट दाखवले, सगळे हायवेच्या आसपासचे. गेट, लिफ्ट, खाली पार्किंग, बाल्कनीतून डोंगर. वाईट एकही नव्हता. पण प्रत्येक ठिकाणी दूध, भाजी, औषधं कुठे मिळतात असं विचारलं की उत्तर एकच: गाडीवर पाच मिनिटं. सासूबाई गाडी चालवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ह्यांची मीटिंग होती. आम्ही दोघी रिक्षा करून मोती चौकात उतरलो. हा धागा त्या संध्याकाळमुळे काढलाय.

उतरल्या उतरल्या खवा भाजल्याचा वास आला. कंदी पेढे माहीत होते, पण भाजत असताना तो वास रस्त्यावर पसरतो हे माहीत नव्हतं. तिथून खण आळीत शिरलो. सासूबाईंना परकराची नाडी हवी होती. पुण्यात मी ती ऑनलाइन मागवली होती, गुळगुळीत, गाठ न टिकणारी. इथल्या दुकानदाराने पाच-सहा प्रकारच्या नाड्या पुढ्यात टाकल्या आणि सुती कुठली ते त्यांनी बोटांनीच ओळखलं. मग मला म्हणाल्या, "तू बस इथे जरा, मी पुढे जाऊन येते."

मी बसले. पंधरा-वीस मिनिटं झाली, मला धाकधूक. मग समोरून येताना दिसल्या, हातात गजरा आणि आवळासुपारीची पुडी. पुण्यात आमच्या गेटबाहेर सहापदरी रस्ता आहे. सहा वर्षांत त्या एकट्या गेटबाहेर पडल्या नव्हत्या. मी हे कधी मोजलंच नव्हतं, त्या संध्याकाळी मोजलं.

मार्चमध्ये आम्ही तिघं पुन्हा गेलो. राजवाड्याजवळ चार दिवस लॉजवर राहिलो आणि गाडी एकदाही बाहेर काढली नाही. पहाटे मी नि हे अजिंक्यताऱ्यावर चढलो. वाटेत रोजचे चढणारे इतके भेटले की गड म्हणजे त्यांचं अंगणच. मंगळाईला जाऊन तटावरून खाली पाहिलं आणि मग गाव कळलं. दक्षिणेला गड, पश्चिमेला यवतेश्वर, आणि त्या कुशीत पूर्व-पश्चिम पसरलेल्या पेठा. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला तो या साताऱ्यात. पुढे गडाखाली त्यांनी गाव वसवलं, पेठांना वारांची नावं पडली. दोन मोठे रस्ते राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे जवळपास समांतर जातात. नकाशात एक राजपथ, दुसरा कर्मवीर पथ, पण आम्ही चार दिवसांत ही नावं कुणाच्या तोंडून ऐकली नाहीत. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता, बस.

राजवाड्याने मात्र जीव हळहळला. लाकडी खांब, नक्षी, आणि पडझड. १९०० साली ७ नोव्हेंबरला भिवा रामजी आंबेडकर या मुलाचं नाव ज्या शाळेत दाखल झालं, ती शाळा, आताचं प्रतापसिंह हायस्कूल, याच आवारातली. तो दिवस आपण राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. अशी वास्तू गावाच्या ऐन मध्यात आहे आणि गाव तिच्याभोवती रोज भेळ खातं, भाजी घेतं, रिक्षाची वाट बघतं. मला ते आवडलंही. वास्तू जपली जावी असं फार वाटतं, पण तिच्यापुढची वर्दळ जाऊ नये.

आता प्रश्न. पेठेत घर घ्यायचं तर फ्लॅट मिळतात का, की जुने वाडेच? पाण्याचं काय? पावसाळ्यात काय हाल होतात? आणि मुख्य म्हणजे, वयस्कर माणूस तिथे खरंच एकटं फिरू शकतं का, की मी एका संध्याकाळवरून फार मोठं ठरवतेय? इथे सातारकर बरेच आहेत. खरं ते सांगा.


मोतीचौक

पायवाट ताई, मी जन्माचा शुक्रवार पेठेतला. आता ६८ वर्षांचा आहे, तेव्हा तुमच्या सासूबाईंच्याच बाजूने बोलतो.

पहिली गोष्ट चढ. सातारा गडाच्या पायाशी आहे, त्यामुळे वरच्या रस्त्याने सरळ नाक्याकडे चाललात तर दम लागत नाही. पण त्याला आडवे जे बोळ जातात ते सगळे चढउताराचे. माची पेठेकडे घर घेतलंत तर बाजाराला जाताना मजेत जाल आणि पिशवी घेऊन वर येताना तीनदा थांबाल. माझे गुडघे हे रोज सांगतात. घर बघायला जाल तेव्हा सासूबाईंना घेऊन बाजारापासून घरापर्यंत चालत या, घरापासून बाजारापर्यंत नव्हे. वरचा आणि खालचा रस्ता यांच्या मधल्या पट्ट्यात, शक्यतो रस्त्याला लागून, बघा.

दुसरं पाणी. गावाच्या पश्चिम भागाला कासचं पाणी येतं. इंग्रजांच्या वेळचा तो तलाव डोंगरावर, आपण खाली, म्हणून पाणी उतारानेच येतं. पूर्वी उघड्या पाटाने यायचं, आता पाइपातून येतं आणि सांबरवाडीला शुद्ध होतं. मध्यंतरी धरणाची उंची वाढवली त्याने साठा बराच वाढलाय. काही भागाला शहापूर योजनेचं, म्हणजे उरमोडी नदीचं, आणि सदर बझार, गोडोलीकडे जीवन प्राधिकरणाचं. घर बघताना नुसतं "पाणी येतं का" विचारू नका. कुठल्या योजनेचं, किती वाजता, आणि तिसऱ्या मजल्यावर मोटर न लावता चढतं का, हे शेजाऱ्याला विचारा. घरमालकाला नको.

आणि हो, एकटं फिरता येतं. माझी आई ८८ व्या वर्षापर्यंत रोज पंचमुखी गणपतीला जाऊन येत होती. रस्त्यात दहा जण ओळखीचे. एकदा चक्कर आली तर फुलवाल्याने तिला बसवून घरी मुलगा धाडला. हे मी फ्लॅटच्या जाहिरातीत कधी वाचलेलं नाही.


सदाफुली

मला वेगळं सांगायचंय. आम्ही शाहूनगरला राहतो, आठ वर्षं झाली. हायवेकडच्या घरांना इतकं वाईट समजू नका.

मी लग्न होऊन पेठेतल्या वाड्यात आले होते. दोन खोल्या, सामायिक संडास, अंधारं माजघर. उन्हाळ्यात छान गार, पण दिवसासुद्धा दिवा लावायचा. आता माझ्या स्वयंपाकघरात ऊन येतं आणि खिडकीतून गड दिसतो. मिस्टरांना शिरवळला कामाला जायचं, पाच मिनिटांत हायवेला लागतात. गणपतीत डॉल्बीचा त्रास नाही. पेठेत मिरवणुकीच्या रात्री माझ्या सासऱ्यांच्या छातीत धडधडायचं, खिडक्यांच्या काचा थरथरायच्या. ज्यांच्या घरी हृदयाचा पेशंट आहे त्यांनी याचा विचार केलाच पाहिजे.

पण एक मान्य करते. आम्ही अजूनही "गावात जाऊन येते" असंच म्हणतो. २०२० ला हद्दवाढ होऊन आमच्याकडचा बराचसा भाग पालिकेत आला, तरी गाव म्हणजे तेच, मोती चौक ते राजवाडा. लग्नाचा बस्ता, हळदीकुंकवाचं सामान, घड्याळाचा सेल, सगळ्याला गावातच. आणि माझ्या सासूबाई इथे आल्यापासून माझ्यावर अवलंबून झाल्या. तुमचं ते गजऱ्याचं वाचलं आणि मला रडू आलं.


तिफण

वाड्याबद्दल लिहितो, कारण त्यात माझी सात वर्षं गेली आहेत.

आमचा सोमवार पेठेत वाडा होता. आजोबांनंतर नावं लावलीच नव्हती. विकायची वेळ आली तेव्हा वारस निघाले अकरा, त्यातले दोघं परदेशात, एक आत्या वारलेली आणि तिची मुलं वेगळी. शिवाय पुढच्या दोन खोल्यांत जुने भाडेकरू, १९६० पासूनचे. त्यांचा दोष नाही, त्यांचं सगळं आयुष्य तिथे गेलं. पण हे सगळं सुटेपर्यंत पाऊस वाड्याचं छप्पर खात राहिला.

म्हणून सांगतो. गावठाणात सात-बारा चालत नाही, सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका मागा. त्यावरचं प्रत्येक नाव आणि प्रत्येक वारसनोंद वाचा. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वतःच्या वकिलाकडून काढा, विकणाऱ्याच्या नव्हे. भाडेकरू आहे का ते कागदावर बघू नका, दुपारी जाऊन दारावरच्या चपला बघा. सामायिक बोळ, सामायिक भिंत, पाणी वाहून जायचा हक्क, हे जुन्या खरेदीखतात लिहिलेलं असतं, ते मोडी लिपीत असेल तर वाचून घ्या. साताऱ्यात मोडी वाचणारे अजून मिळतात.

वाडा पाडून झालेल्या तीन-चार मजली इमारती आता पेठांमध्ये भरपूर आहेत. तुमच्यासाठी तेच बरं. मात्र लिफ्ट आहे म्हणाले तर चालते का बघा, आणि पार्किंग जवळजवळ नसतंच असं धरून चाला.


पाऊसवेडा

पावसाचं कुणी लिहिलं नाही म्हणून. जानेवारी आणि मार्चमध्ये सातारा बघून ठरवू नका. तेव्हा तो सगळ्यांनाच आवडतो.

जुलैत या. सलग आठ दिवस. यवतेश्वर ढगात जातो, मग गड जातो, मग समोरच्या घराचं छप्परसुद्धा पुसट होतं. पश्चिमेकडून पाऊस येतो, त्यामुळे समर्थ मंदिर, बोगदा या बाजूला तो जोरात असतो आणि नाक्यापलीकडे, कोरेगावकडे जाल तसा उतरत जातो. एकाच गावात हा फरक अंगाला कळतो. तळमजल्याच्या भिंती ओल धरतात, कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, जुन्या लाकडाला वाळवीचं भय. सासूबाईंना दमा किंवा संधिवात असेल तर आधी एक पावसाळा भाड्याने काढा. मला स्वतःला हेच दिवस सगळ्यांत प्रिय आहेत, पण माझ्या आईला ते बाधायचे, म्हणून लिहिलं.


राजपथी

चालण्याबद्दल थोडं कडवट वाटेल असं लिहितो, पण तुम्ही खरं विचारलंत.

वरच्या रस्त्यावर फूटपाथ आहे तिथे दुचाक्या लागलेल्या असतात. संध्याकाळी सहा ते साडेआठ माणूस रस्त्याच्या कडेने नाही, रस्त्यातूनच चालतो. पोवई नाक्यावर आठ रस्ते एकत्र येतात. तिथे २०२१ पासून ग्रेड सेपरेटर सुरू झाला, खालून गाड्या निघून जातात, हे मान्य. पण पायी माणसाने वरून नाका ओलांडायचा तर अजूनही हात दाखवत, धावत जावं लागतं. माझ्या वडिलांना दोन वर्षांपूर्वी एका दुचाकीचा धक्का लागला, खुब्याचं हाड मोडलं. ते पुन्हा बाजारात एकटे गेले नाहीत. पोरगं पळून गेलं, त्याचं वय सतरा-अठरा असेल.

पेठ माणसाला बाहेर काढते हे खरं आहे. म्हणूनच तिथे फूटपाथ मोकळे असायला हवेत, बसायला बाक हवेत, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हवं. हे मागणारी माणसं पेठेतून हायवेकडे निघून गेली की मागणार कोण? तुमच्यासारखे लोक गावात राहायला आले तर मला आनंद होईल. सकाळी दहा ते बारा ही वेळ सासूबाईंसाठी चांगली. नाका शक्यतो रिक्षानेच ओलांडा.


टोरांटोहून

१९८८ ला सातारा सोडलं. आमचं घर यादोगोपाळ पेठेत होतं, आता नाही.

इथे आम्ही गावाबाहेरच्या वस्तीत राहतो. दुधासाठी गाडी काढावी लागते. माझी आई तीनदा आली आणि तिन्ही वेळा दोन महिन्यांत परत गेली. तिसऱ्यांदा विमानतळावर मला म्हणाली, "अरे, तुझ्याकडे सगळं आहे, पण दारातून कोणी जात नाही." गावाच्या वर टेकडीवर 'चार भिंती' म्हणून जागा आहे, तिथे संध्याकाळी जाऊन बसलात तर खाली दिवे लागताना बघा, कुठली पेठ कुठे ते ओळखता येतं. मला अजून येईल.


रानजाई

दवाखान्याचं कुणीतरी लिहायला हवं. मी परिचारिका आहे, नोकरी साताऱ्यातच.

क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय सदर बझारमध्ये आहे, मेडिकल कॉलेजही आता सुरू झालंय. खासगी दवाखाने नाका आणि सदर बझार भागात बरेच. पेठेतून रिक्षाने तिथे पोचायला दिवसा वेळ लागतो तो अंतरामुळे नाही, गर्दीमुळे. रात्री अडचण नाही. मोठी शस्त्रक्रिया असेल तर लोक कराड किंवा पुणं गाठतात. पुणं साधारण ११० किलोमीटर, पण शनिवार-रविवारी खंबाटकीत किती वेळ जाईल ते सांगता येत नाही. रेल्वे स्टेशन गावात नाही, माहुलीकडे आहे. कोयना किंवा महालक्ष्मी धरायची तर तिथवर जायचा वेळ धरूनच निघा.

घर घेताना एक बघा: बोळात रुग्णवाहिका दारापर्यंत येते का. मी स्वतः एका आजोबांना खुर्चीत बसवून चौघांनी उचलून बोळाच्या तोंडापर्यंत आणलेलं पाहिलंय. शेजारचे चौघं हाकेसरशी आले हेही त्याच रात्री पाहिलं.


पायवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. टोरांटोहून लिहिणाऱ्यांच्या आईचं वाक्य त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आलो. मोतीचौक काकांनी सांगितलं तसं बाजारापासून घरापर्यंत चाललो, आणि पहिली दोन घरं तिथेच बाद झाली. एक चढामुळे, एक रानजाईच्या रुग्णवाहिकेमुळे. सदाफुली, तुम्ही लिहिलेल्या डॉल्बीचा विचार केला. सासूबाईंना रक्तदाब आहे, म्हणून मिरवणुकीचे दोन दिवस त्यांना नणंदेकडे न्यायचं ठरवलंय. हा उपाय पुरेसा नाही हे कळतं, पण सध्या तोच आहे. राजपथी, तुमच्या वडिलांचं वाचून मी दोन दिवस गप्प होते. त्यांना आमचा नमस्कार सांगा.

खरेदी आत्ता करत नाही. जून ते दिवाळी भाड्याने राहणार. खालच्या रस्त्याजवळ, सदाशिव पेठेत, पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जिना तेरा पायऱ्यांचा, दोन्हीकडे कठडा. पाणी कासचं, सकाळी सहाला, हे समोरच्या आजींनी सांगितलं. घरमालक सात म्हणाले होते. वाळवणासाठी वर पत्र्याखाली जागा आहे. पुण्याचं घर सध्या बंद ठेवू.

सासूबाईंनी स्वतः विचारलेल्या दोन गोष्टी तेवढ्या सांगा. सकाळी म्हशीचं सुटं दूध घरी घालणारं त्या भागात कुणी आहे का? आणि नगर वाचनालयात ज्येष्ठांना दुपारी बसायला देतात का? त्यांना मासिकं वाचायची आहेत.


मोतीचौक

दुधाचं मी बघतो, आमच्याकडे जो येतो तो सदाशिव पेठेतूनच पुढे जातो. वाचनालयात खुशाल बसा, मी दुपारी तिथेच असतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात येताय ना? सामान सकाळी आठच्या आत उतरवा, नंतर त्या बोळात टेम्पो वळत नाही. आणि ताडपत्री बरोबर ठेवा.